सात नंबरचा स्टँड

३ तारीख, सोमवार
लागली बाई एकदाची नोकरी! चिमणी, माझी धाकटी बहीण, ऐकून नाचलीच. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. तिचं इन्सुलिन, तिचं खाणंपिणं माझ्याकडे. वॉर्ड लख्ख आहे. मोठ्या सिस्टर कडक, पण शिकवतात झकास: उलट्या-जुलाबाला मिठाचं सलाईन, भाजलेल्याला आरएलचं, साखर उतरलेल्याला डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं. चुकीचं लावलं तर माणूस अंथरुणातच बुडतो, असंही म्हणाल्या.

५, बुधवार
गंमतच! सात नंबरची खाट रिकामी, तरी सकाळी तिच्या स्टँडला आरएल टांगलेलं. कुणी टांगलं, कुणालाच ठाऊक नाही. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, बाटली बघायची आणि तयारीला लागायचं. दुपारी भाजलेली बाई आली. फार भाजली होती. आमची तयारी मात्र चोख.

८, शनिवार
आज मिठाचं होतं. दीड वर्षाचं लेकरू आलं, जुलाबाने पार सुकलेलं. शीरच सापडेना. संध्याकाळी गेलं. मला जेवण गेलं नाही.

१०, सोमवार
पुन्हा आरएल. ती बाई डोळ्यांपुढून हलेना, म्हणून मी ते काढून डेक्स्ट्रोज टांगलं. भाजलेलं कुणी आलंच नाही! एक आजोबा आले, साखर उतरून बेशुद्ध. तासाभरात उठून चहा मागू लागले. म्हणजे बाटली माणूस कळवत नाही, आणते. मग रोज साखरच टांगीन की!

१३, गुरुवार
चार दिवस, चार पेशंट. चौघेही आपल्या पायांनी घरी. मोठ्या सिस्टरना सांगितलं, त्या हसल्या नाहीत. कुणाची साखर उतरायची ते तू ठरवतेस का, एवढंच विचारलं.

१४, शुक्रवार. सव्वाअकरा
चिमणी फोन उचलत नाही. सकाळी इन्सुलिन मीच दिलं. लगेच खाऊन घे म्हटलं होतं. तिला झोप आली असेल— आज डेक्स्ट्रोज मीच टांगलंय. देवा, मीच.

साडेअकरा
काढून फेकलं. स्टँड रिकामा. आता कुणी येणार नाही. शेजारच्या काकू बघायला गेल्यात.

साडेबारा
मावशी रडतायत. म्हणाल्या, रिकामा ठेवू नये गं पोरी. रिकाम्या स्टँडखाली ज्याला काही लावून उपयोग नाही, तोच—
कपाटाची किल्ली कुठाय— कुठलीही बाटली चालेल— लिफ्ट उघडली. स्ट्रेचर. चादर तोंडावरून ओढलेली, पाय उघडे. पायांत माझे मोजे. रोज ओरडते मी तिला, माझे मोजे घालू—