नागपंचमीची फवारणी

तरसाली, नागपंचमी, संध्याकाळ

मुकेशभाईचं तोंडही बघू नये असं वाटतंय. शेत दोघांच्या भागीदारीत, म्हणून ताग पेरताना त्याला विचारलं होतं. पुढे एक रोप उपटून मुळांवरच्या गाठी फोडून दाखवल्या, आतून गुलाबी. त्यातले बारीक जीव हवेतलं नत्र जमिनीत आणतात, हिरवा ताग गाडला की मातीतले बाकीचे जीवही पोसले जातात, मग वांगी जोमानं येतात. तेव्हा मान डोलावली होती यानं.

आज नांगर घालायचा नसतो, जमिनीखालच्या जिवाला इजा नको. म्हणून गाडणं उद्यावर ठेवलं. दुपारी जाऊन बघतो तर हा पाठीवर पंप घेऊन सगळ्या तागावर तणनाशक मारून मोकळा.

"भाई, नागपंचमी तमारी आजे. अमारी तो पंदर दिवस पछी," म्हणाला, वर हसला. गुजरात्यांची नागपंचमी श्रावण वद्यात, आमच्यानंतर पंधरा दिवसांनी. "तमे बेसी रह्या, तो में साफ करी नाख्युं."

मी बसून राहिलो म्हणे, म्हणून यानं साफ केलं. साफ? एक रोप उपटलं. गाठी अजून गुलाबी होत्या. किती दिवस राहतील?

मी फाळ आवरला आणि यानं विष ओतलं. आत्ता नागोबापुढे दिवा लावला, पण मनात आलं ते देवापुढे बोलण्यासारखं नव्हतं. उद्या नांगर नाही, कुदळ नेणार. शेताच्या मधोमध बांध घालायला.