बोंबलांना गच्ची हवी

अंधेरी, ३ डिसेंबर १९८६

चि. सौ. नलिनीस कमळताईचे आशीर्वाद.

तुझे गुडघे वाकत असतील, भाऊजींचा रक्तदाब उतरला असेल आणि तुझ्या कुंदाने गाणं शिकणं सोडलं असेल, अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम. डोकं तेवढं सरकारने फिरवलं आहे.

माझ्या दारावर मासळी घेऊन येते त्या मथुराची झोपडी रस्तारुंदीत गेली आणि तिला सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. नळ आहे, संडास आहे, पण बोंबील वाळवायला वीतभर जागा नाही. "बाय, घर दिला न पोट काढून घेतला," म्हणाली. मग तिने गच्ची गाठली. तिथे बांबू नव्हते, पण टीव्हीच्या अँटेना होत्या. (बोंबील जोडीने वाळत घालतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. अँटेनाचे आडवे दांडे त्यासाठीच केले असावेत.) शनिवारच्या मराठी सिनेमात नायिकेची तीन डोकी दिसू लागली आणि अख्खी इमारत खवळली. लगेच सरकारी कचेरीची नोटीस आली: गच्ची मोकळी करा, नाहीतर खोली.

मी ठेवणीतलं कॉन्व्हेंटचं इंग्रजी काढून थेट कचेरी गाठली. तिथले श्यामकांत साहेब (मिशी कालपरवाच फुटलेली, टाय मात्र गुडघ्यापर्यंत) म्हणाले की धोरणानुसार गच्ची फक्त कपडे वाळवायला आहे. मी म्हटलं, बोंबीलही धुऊन, निथळून दोरीवरच घालतात; इस्त्री तेवढी करत नाहीत. गरिबांना घरं देताना घरात माणसं किती हे विचारता, ती पोट कशावर भरतात हे कधी विचारता का? एवढ्यावर न थांबता मी त्यांना गच्चीवर नेलं. वारा समुद्राकडून होता. साहेबांनी नाकाला लावलेला रुमाल काही निघेना. मग खाली मथुराने भाकरीवर भाजलेला बोंबील ठेवला आणि रुमाल खिशात गेला. दुसरी भाकरी मागताना त्यांनी कबूल केलं, की प्रत्येक इमारतीमागे रहिवाशांच्या धंद्यासाठी मोकळी जागा ठेवावी, अशी सूचना ते वर पाठवतील. नोटीसही थांबवली. अट एकच: मंजुरी येईपर्यंत गच्चीवर बोंबलाचं शेपूटही दिसता कामा नये.

तर अशी मी सरकारची सुधारणा केली. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
कमळताई

ता.क. मंजुरीला वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणतात. बोंबील तेवढे थांबत नाहीत. तुझ्या सांताक्रूझच्या बंगल्याची गच्ची रिकामीच असते ना?

आणखी ता.क. हे पत्र मथुराच घेऊन आली आहे. तुझ्या सासूबाई कांदासुद्धा खात नाहीत, हे मी तिला सांगितलेलं नाही. टोपल्या जड आहेत. जिन्यावरून चढवताना सासूबाईंनाच जरा हात लावायला सांग.