भरल्या ड्रमात वीस किलो

सुरत, रविवार

वयानं लहान पण विज्ञानानं थोर अशा चुलतबहीण पायलताईस, इंद्रजितचा दुरूनच वाकून नमस्कार.

(लहानपणी तुझ्या वेण्या ओढल्या, त्याचा या नमस्काराशी संबंध जोडू नको.) पूनमसिंग काकाचा गुडघा कसा आहे? दिग्रसच्या कॉलेजात तुझं अकरावी सायन्स जोरात असेलच. मी इथं खुशाल आहे, म्हणजे झोपेतबी आकडे मोजतो, बाकी ठीक.

फोन न करता पत्र काहून, तर तुमच्या घरचा फोन स्पीकरवर असते आणि काकूच्या कानात पडलेलं दिवा लागायच्या आत अख्ख्या तांड्यात फिरते. पोराच्या कौतुकापायी माझ्या याडीनं तर आधीच सांगून ठेवलं, की आमचा इंद्रजित पोती उचलणं सोडून दवा बनवणारा साहेब झाला. झालं इतकंच, की कापडाच्या कारखान्यात मले पोत्यांवरून काढून द्रावणाच्या खोलीत घेतलं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, वीस टक्के कॉस्टिक कर. (कॉस्टिक म्हणजे धुण्याच्या सोड्याचा आग्यावेताळ भाऊ, हाताले लागला की कातडी सोलते.) मी म्हटलं, त्यात काय! सातवी सोडली तेव्हापासून कपाशीवर फवारणीच तर करून राह्यलो. पंप गळ्यापर्यंत पाण्यानं भरायचा, वरून झाकणभर दवाई. तसाच शंभर किलोचा ड्रम पाण्यानं काठोकाठ भरला आणि वरून वीस किलो कॉस्टिक सोडलं. ड्रम चहाच्या पातेल्यावानी तापला, उतू गेला, आणि मी गमबुटासकट टेबलावर. कॉस्टिकनं सुती कापडाले चमक येते, पण उरलेल्यात बुडवलं तर चमकच चढेना. साहेब म्हणाले, "अबे, शंभर किलो द्रावणात वीस किलो माल, मग पाणी ऐंशीच ना! शंभर कायले टाकलं?" मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडं पंप अर्धवट भरत नाहीत."

आता पुढच्या महिन्यात साहेब माझी तोंडी परीक्षा घेणार, अणूपासून द्रावणापर्यंत. नापास झालो तर परत पोती. माझ्या पाठीचं सोड, याडी तांड्यात तोंड कसं दाखवेल?

अणू मले समजला. मधे प्रोटॉन म्हणजे आपल्या तांड्याचे नायक, त्याईच्या बाजूले न्यूट्रॉन (कोणाच्या घेण्यात ना देण्यात, हे तुझे बाबा, रागावू नको), आणि बाहेर भटकणारे इलेक्ट्रॉन. सोडियमचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन कोणी जरा बोलावलं की घर सोडून जाते, हे वाचून मले रडूच आलं. पण मोल? एक मोल कॉस्टिक चाळीस ग्रॅम, एक मोल मीठ साडेअठ्ठावन. मोल तोच, मग वजन कसं बदलते? ढाणकीच्या बाजारात असा काटा ठेवला तर लोक मारतील.

तुझा घाबरलेला भाऊ,
इंद्रजित

ता. क. अर्धा मोलर कॉस्टिक दोन लिटर करायचं तर माल किती घ्यायचा? माझं उत्तर एकदा वीस ग्रॅम येते, एकदा दीड पोतं. हे तुझ्या सरांना भर वर्गात विचार, तुझीच शंका म्हणून. पोरं हसली तर तुले हसतील, मी दूर आहे.

ता. क. दुसरा. चाचणीत केमिस्ट्रीत तुले तीसपैकी चार पडले, हे याडीनं सांगितलं. म्हणून तर तुलेच लिहिलं. हुशार माणूस दोन ओळीत सांगून मोकळा होते. तू आधी स्वतः समजून घे, मग लिही. तुले समजलं तर मले समजेलच.