मावशीची शाल आणि धाकटी बहीण

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे तुला जिना चढू देत असतील आणि खोकला काकांचं ऐकत असेल, अशी आशा आहे (काका कुणाचं ऐकत नाहीत, ते वेगळं).

शाल परवाच टपालाने परत केली. तिच्यामुळे डोंगरावर निभावलं, तुझे उपकार कसे फेडू? वाळकी रोपं कागदावर चिकटवायची ही नोकरीही तुझ्याच शब्दाने लागली. यंदा आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला पहिल्यांदाच रोपं आणायला धाडलं. सूर्यफुलाच्या कुळात एक चिमुकलं घराणं आहे, फक्त आपल्याच डोंगरांत उगवणारं. तीनच बहिणी, म्हणजे तीनच जाती. थोरली आणि मधली पावलोपावली भेटतात, धाकटी मात्र एकोणीस वर्षांत कुणाला दिसली नव्हती. वारा असा, की टोपी गेली. मी शाल गुंडाळून एका रोपाला खेटून बसलो, डबा खाल्ला आणि उठताना तेच रोप, मधली समजून, नियमाप्रमाणे मुळासकट उपटलं. माती ब्रशने झटकली, पानन्‌पान सरळ करून वर्तमानपत्रात दाबलं.

बाईंनी भिंग लावून एकेक पान तपासलं. मग म्हणाल्या, "इतकं सुरेख दाबलेलं रोप या टेबलावर आजवर आलं नाही." मी लाजलो (मूर्ख). "ही धाकटी आहे. तिथे आणखी किती होती?"

मावशी, एकच होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळा उतार पालथा घातला. मी केलेला खड्डा तेवढा सापडला. माझ्या नोकरीचं सोमवारी ठरेल. नोकरीचं दुःख आहेच, पण त्या कागदावरच्या रोपाचं त्याहून जास्त. बाई मात्र रागावल्या नाहीत, उलट स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. माणसं माझ्या लायकीपेक्षा फार चांगली मिळाली आहेत.

तुझा धांदरट भाचा

ता. क. शाल धुऊ नकोस. रोपावर एकही बी उरलेलं नाही. वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखं केसाळ बी असतं, लोकरीला बिलगतं, आणि वाऱ्याच्या तोंडी मीच बसलो होतो. सात वेळा फोन केला, तू उचलत नाहीस, म्हणून ऑफिसच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतोय.

आणखी ता. क. पाहुण्याचा हात लागलेली नोटसुद्धा तू धुऊन वाळत घालतेस, हे मला ठाऊक आहे. तेव्हा शाल धुतली असलीस, तर पाणी कुठे ओतलंस तेवढं ड्रायव्हरला दाखव. बाई आणि मी उद्या सकाळी येतोय. तोवर तिथे कुणी पाय ठेवू नये. काकांनीसुद्धा.