तुझ्या गाण्यांचा परवाना

आई,

काल, सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता तुझी गाणी माझ्या कॉम्प्युटरवर उघडेनाशी झाली. धसईच्या घरात तू चुलीपुढे बसून लग्नाचे धवळे सांगायचीस आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन उतरवायचे, तीच फाइल. आता पडद्यावर एवढंच येतं, की परवाना संपला. मी तो ‘लाइफटाइम’ म्हणून घेतला होता. कंपनीत फोन केला, तर पलीकडचा माणूस गोडीत म्हणाला, “मॅडम, लाइफटाइम त्या व्हर्जनपुरतं. तुम्ही प्रोग्रॅम नाही, वापरायची परवानगी घेतली होती.” नव्या व्हर्जनमध्ये जुनी फाइल उघडत नाही, हेही त्यानेच सांगितलं. मग गाणी कोणाची, विचारलं. तुमचीच, म्हणाला. दागिने माझे, पेटी त्यांची, किल्लीही त्यांचीच. अटींची लांबलचक पानं न वाचता मी ‘मान्य’ दाबलं होतं; वर्गातल्या पोरींना प्रश्नपत्रिका दोनदा वाचायला लावणारी मी.

तुझी अट एकच असायची. मुरबाडकडची कुणी बाई गाणं मागायला आली की आधी चहा, मग गाणं, आणि ती उठताना तू म्हणायचीस, “घेऊन जा गो, पन एकीला तरी शिकव.” ही अट कुणाला वाचून दाखवावी लागली नाही.

आज तुझ्याच हाताखाली शिकलेल्या बाईची सून शहापूरला माझ्या दारात उभी राहिली. सासू गेली, आणि शुक्रवारी नणंदेची हळद. “पयली तीन कडवी येतात मला, बाय. पुढची तुमच्याकडं हायत, असं सासू सांगून गेली. गाणं अर्ध्यात तुटलं त आमच्यात नवरीला हळद लावीत नाय.” मी तिला पडद्यावरची ती ओळ दाखवली. तिने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“पन तुमची आईच ना ती? तुमाला पाठ नाय?”

कंपनीला मी मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत खरमरीत पत्र धाडलंय: गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. हे पत्र मात्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुला लिहिता येत नव्हतं, ठाऊक आहे. आणि सगळे धवळे उतरवताना मी एकही ओळ तुझ्यामागून म्हणून पाहिली नाही, हे तुलाही ठाऊक होतं. तरी मुदत तुलाही तीच. तिसऱ्या कडव्यानंतर काय येतं, ते लेखी कळव. गुरुवारी, पाचच्या आत.