न झालेली स्पर्धा संपल्याचा दाखला

प्रति,
मा. स्पर्धा नियंत्रण अधिकारी,
गिरणाकाठ कुमार कबड्डी मंडळ,
जळगाव.

अर्जदार : धनसिंग उखर्डू भामरे, धंदा शेती, रा. बोरटेक बुद्रुक, ता. भडगाव.

विषय : चौदा वर्षांखालील कबड्डी स्पर्धा संपल्याचा दाखला दिवाळीपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक दि. ३ डिसेंबर १९९०, "प्रशिक्षकाचा पाल्य त्याच्या संघात नसावा".
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार हा गावातील मुलांच्या कबड्डी संघाचा पाच वर्षांपासून विनावेतन प्रशिक्षक असून त्याचा एकुलता एक मुलगा भटू त्याच संघातून चढाई करीत असे. सन १९९० च्या अंतिम सामन्यात अर्जदाराने अठरापैकी सतरा चढाया भटूलाच दिल्या. अठरावी दुसऱ्याला गेली, कारण भटूच्या चड्डीची नाडी तुटली होती. बाकीच्या सहा मुलांचे बाप खवळले, तक्रार आपल्यापर्यंत गेली आणि संदर्भ १ चे परिपत्रक निघाले. ते अर्जदारामुळेच निघाले हे तो लपवीत नाही. लपवून करायचे काय, सगळ्या तालुक्याला माहीत आहे!

२. परिपत्रक आले, पण अर्जदारास प्रशिक्षकपद सोडवेना आणि भटूला बाहेर बसवणे जिवावर आले. तेवढ्यात कलम चार नजरेस पडले : प्रत्येक संघास परगावचा एक पाहुणा खेळाडू चालेल. अर्जदाराचे मेहुणे छगन रामा देवरे हे नरडाण्याला स्टेशनजवळ पिठाची चक्की चालवतात व त्यांना मूलबाळ नाही. सबब अर्जदाराने भटू त्यांना रीतसर स्टॅम्पपेपरवर दत्तक दिला आणि दस्तात मुदत घातली, "सदर स्पर्धा संपेपर्यंत". स्पर्धा महिन्यावर आली होती. चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे, असे अर्जदाराने पत्नी सौ. भागाबाई हिला सांगितले. अर्जदाराची अक्कल चरायला गेली आहे, असे ती तेव्हाच म्हणाली होती. आजही म्हणते.

३. त्यानंतर आपण स्पर्धा पाच वेळा पुढे ढकलली. एकदा मैदानात सर्कशीचा तंबू होता, दोनदा आचारसंहिता होती, एकदा पंच लग्नाला गेले होते आणि पाचव्या वेळी पत्रात कारणाची जागा कोरी होती. इकडे भटूचे नाव नरडाण्याच्या शाळेत भटू छगन देवरे असे लागले. अर्जदाराने पहिल्या अर्जात फिरती ढाल मागितली होती, दुसऱ्यात बरे मैदान, तिसऱ्यात नुसती तारीख. सहाव्या अर्जात, आमचा संघ पहिल्याच फेरीत हरण्यास राजी आहे, असे कळवून सातही मुलांच्या सह्या जोडल्या. ज्या माणसाने जिंकण्यापायी पोटचा मुलगा दिला त्याने हे लिहिले, याची साहेबांनी नोंद घ्यावी.

४. गेल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अर्जदाराने स्वतःच्याच खळ्यात स्पर्धा भरवून संपवून टाकली. दोन्ही संघ अर्जदाराचे, पंचही अर्जदारच. मेहुण्यांना मुद्दाम बोलावले. ते आले, जिलेबी खाल्ली, टाळ्या वाजवल्या आणि हात धुता धुता म्हणाले, "बठ्ठं बेस व्हयनं, दाजी. पन मंडळना शिक्का कोठे शे?" जळगावच्या वकिलांनी दस्त वाचला, आधी पोटभर हसून घेतले व असला दस्त कायद्यात बसतच नाही, असे सांगितले. मेहुणे म्हणतात, "कागद तो कागद शे." माणूस वाईट नाही. त्याला भटूचा लळा लागला आहे, आणि तीच मोठी अडचण आहे.

५. दि. ९ ऑगस्ट १९९२ रोजी भटूला चौदा वर्षे पूर्ण झाली. म्हणजे ज्या स्पर्धेसाठी मुलगा दिला तिच्यात तो आता खेळू शकत नाही, आणि ती संपत नाही तोवर घरी येऊ शकत नाही.

६. पोळ्याला भटू मामाबरोबर दोन दिवस आला होता. पिशवी कोठे ठेवू, असे त्याने आईला विचारले. आपल्याच घरात! भागाबाई चुलीपुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अर्जदाराने जुन्या सवयीने अंगणात शिट्टी फुंकली. भटू गाढ झोपेतून उठला आणि डोळे मिटलेलेच ठेवून उठाबशा काढू लागला. बावीस काढल्या. अर्जदार त्या मोजत होता, हे लिहिताना त्याला लाज वाटते. भागाबाईने मुलाला धरून पुन्हा निजवले आणि अर्जदाराला म्हणाली, "तो मना पोऱ्या शे. तुमना खेळाडू नही."

७. परत जाताना एस.टी.च्या खिडकीतून भटू म्हणाला, "आबा, मी येसू. पन शिट्टी घरमा नको."  मुलाला कागदाने अडवले आहे, अशी अर्जदाराची आजवर समजूत होती. नरडाण्याला मुलगा सात वाजेपर्यंत झोपतो आणि त्याला कोणी मोजत नाही, ही बाब त्याने कधी विचारातच घेतली नव्हती.

तरी साहेबांना हात जोडून विनंती की, स्पर्धा घेऊ नये. न घेताच ती संपल्याचा दाखला गोल शिक्क्यानिशी द्यावा. विजेता कोणासही ठरवावे, अर्जदाराची हरकत नाही. अर्जदार प्रशिक्षकपद सोडत असून आपली शिट्टी या अर्जासोबत जमा करीत आहे. ती परत मागण्यासाठी अर्जदाराने पुढे कितीही अर्ज केले, तरी ती त्यास देऊ नये.

आपला नम्र, आणि आजपासून फक्त भटूचा बाप,

(सही) धनसिंग उखर्डू भामरे
बोरटेक बुद्रुक, दि. १२ ऑक्टोबर १९९२

सोबत :
१) मुदतीच्या दत्तकपत्राची नक्कल.
२) हरण्याबाबत सात मुलांच्या सह्यांची नक्कल.
३) शिट्टी एक, दोरीसह.

शिट्टी पाकिटात घातली व पाकीट चिकटवले, हे समक्ष पाहिले :
सौ. भागाबाई धनसिंग भामरे (अंगठा)