ठकूबाईचा खालचा कप्पा

सातपूर कॉलनी, नाशिक
तुळशीच्या लग्नाआधीचा मंगळवार

श्रीयुत पुंजाभाऊ यांना दत्तू दाजीचा नमस्कार. कुसावहिनींना नमस्कार, चिरंजीव राकेशला आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम म्हणजे गुडघा धरलाय, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला घरात दुसरं कोणी नाही. तुमची तब्येत उत्तम असणारच. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर उगवत्या सूर्यासकट तुमचा सुविचार येतो, त्यावरून कळतं. फोन मात्र बिघडलेला दिसतो. वाजतो, पण उचलला जात नाही. (आमची तेजल म्हणते, एकाच नंबराच्या बाबतीत असा बिघाड होऊ शकतो. ती पुण्यात कॉम्प्युटरवाली, तिला कळतं.) म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागद वाजत नाही, त्यामुळे तो उचलायला माणूस कचरत नाही.

तुमची अक्का, म्हणजे आमची सविता, पौषात गेली, त्यानंतरचं सगळं तुम्ही पाहिलेलंच आहे, पण तुमच्या आठवणीसाठी थोडं पुन्हा सांगतो. रामकुंडावर दहावा झाला आणि घरी आल्यावर वणीच्या बायडाआत्यांनी कारभार हातात घेतला. गेल्या माणसाचं नेसूचं घरात ठेवायचं नसतं, जीव अडकून राहतो, असं म्हणून त्यांनी सविताच्या साड्यांची गाठोडी बांधली आणि दोन दिवसांत वाटून टाकली. मी भिंतीला टेकून चटईवर बसलो होतो. जो जे विचारेल त्याला मान हलवत होतो. (मुंडन केलेलं डोकं हलकं होतं, सहज हलतं.) त्या मान हलवण्यात पलंग गेला, जेवणाचं टेबल गेलं, सोफा गेला. कोणी म्हणे आठवण म्हणून, कोणी म्हणे तुम्हाला एकट्याला कशाला एवढं. मग तुम्ही उठलात आणि सविताच्या लोखंडी कपाटाला मिठी मारून रडलात. “दाजी, अक्काचं कपाट तेवढं मला द्या. रोज डोळ्यासमोर राहील, अक्का घरात हाय असं वाटंल.” बायडाआत्यांनी नाकाला पदर लावला. मीही मान हलवली, आणि त्या दिवसांतली ती एकच मान मी मनापासून हलवली होती. कपाट टेम्पोत चढलं तेव्हा तुम्ही पुढे न बसता मागे त्याला धरून बसलात, ते मी गॅलरीतून पाहिलं.

आता मुद्द्याचं. मुद्दा म्हणजे मांजर. तुमच्या अक्काला कॉलनीतल्या सगळ्या भटक्या मांजरांचा लळा होता आणि मी त्या बाबतीत कायमचा विरोधी पक्ष. जिन्यात वाट्या, गॅलरीत वाट्या, रात्री पाणी प्यायला उठलो तर पायाखाली वाटी. त्या सगळ्यांत ठकूबाई म्हणजे एक करड्या रंगाची, अर्ध्या शेपटीची, नजरेने माणसाचा अपमान करणारी मांजर. ती दर खेपेला त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात व्यायची. दिवस भरत आले की सविता कप्पा मोकळा करायची, त्यात तिचं एक जुनं जांभळं पातळ अंथरायची आणि दाराला नाडी बांधून ते एवढंच उघडं ठेवायची की ठकूबाई आत जाईल पण फौजदार जाणार नाही. (फौजदार हा आमच्याकडचा बोका. पिल्लं दिसली की फाडतो.) दवाखान्यात शेवटी तोंडावरचा मास्क बाजूला करून ती माझ्याशी जे बोलली ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, गोळ्या वेळेवर घ्या म्हणेल, तेजलकडे जाऊन राहा म्हणेल. ती म्हणाली, ठकूला कप्पा मोकळा करून देत जा. मी हो म्हणालो. सदतीस वर्षांच्या संसाराचा शेवट एका मांजरीवर होईल असं मला वाटलं नव्हतं, पण शब्द तर दिला.

वैशाखात ठकूबाई जड पोटाने आली आणि सरळ आतल्या खोलीत गेली. कपाट होतं तिथे फरशीवर गंजाचे चार डाग राहिलेत. त्या चार डागांच्या मधोमध ती गोल गोल फिरली आणि भिंतीकडे तोंड करून ओरडायला लागली. मी मिक्सरचं खोकं आणून ठेवलं, त्यात गोणपाट घातलं. तिने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. ती मागच्या पाण्याच्या टाकीपाशी, नाल्याच्या कडेला व्याली. कुत्र्यांना कळायला वेळ लागत नाही. सकाळी जे काही उरलं होतं ते मी सुपलीत गोळा करून कढीपत्त्याखाली पुरलं. ठकूबाई पुढे कितीतरी दिवस दुधाने भरलेली, दारोदार हाका मारत फिरत होती. पुंजाभाऊ, मला त्या वेळी फार रडू आलं. सविता गेली तेव्हाही एवढं आलं नव्हतं, तेव्हाचा सगळा वेळ मान हलवण्यात गेला.

खाली पायल म्हणून सिस्टर राहते, सरकारी दवाखान्यात नोकरीला. ती कॉलनीतली मांजरं पकडून त्यांची ऑपरेशनं करून आणते. ठकूबाईलाही नेलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, ही पुन्हा पोटुशी आहे, हे बाळंतपण होऊ द्या. म्हणजे हे तिचं शेवटचं. यातली पिल्लं तरी जगली पाहिजेत, आणि त्यासाठी कपाट पाहिजे. तेजल म्हणाली, बाबा, ऑनलाइन मागवते. पण नव्या कपाटाला रंगाचा वास, तो ठकूबाईला सोसत नाही. जुनंच पाहिजे. आणि गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेली वस्तू परत मागायची नसते, म्हणून तुमच्याकडे शब्द टाकला नाही. हे लक्षात ठेवा.

मग मी गुडघ्याला पट्टा बांधून जुन्या सामानाच्या दुकानांमधून हिंडायला लागलो. आधी एक शोकेस आणलं. ठकूबाई त्यात काचेमागे जाऊन बसली, तर समोरच्या लताबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, मांजर चिनी मातीचं आहे का हो, कुठून घेतलंत. ठकूबाईने जांभई दिली तेव्हा त्यांना घेरी यायचीच बाकी होती. मग एका निवृत्त शिक्षकाच्या घरून खाली कप्पे असलेला दिवाण आणला. त्याच्या सोबत ढेकूण आले. त्यांचा उल्लेख व्यवहारात कुठेच झाला नव्हता. दिवाण परत गेला, ढेकणांना इथलं हवापाणी मानवलं. मी रात्री अंग खाजवत बसायचो आणि ठकूबाई उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघायची. हे सगळं मी कोणासाठी करतोय याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता.

शेवटी अंबड लिंक रोडला बारकू म्हणून एकाचा पत्र्याचा गाळा आहे, तिथे गेलो. कपाटांची रांगच होती. कोपऱ्यात एक आकाशी रंगाचं उभं होतं. रंग कोणी तरी घाईत मारलेला, खालचा पिवळट रंग कडेने दिसत होता. बारकू म्हणाला, “काका, त्याला हात नका लावू. लॉक जाम हे. चावी असून उघडत नाय, भंगारात घालायचं हे.” तो बोलतच होता आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. डाव्या दाराला खालून एक लाथ, लगेच मुठीला वर झटका. दार उघडलं. हा म्हातारा रिटायर व्हायच्या आधी नक्की काय धंदा करत होता, अशा नजरेने बारकू माझ्याकडे बघायला लागला. मी खाली वाकून बघितलं. खालच्या कप्प्याच्या कडेला ठकूबाईच्या नखांचे ओरखडे होते. मी तिथेच एका मोडक्या स्टुलावर बसलो. बारकूने पाणी दिलं.

मी विचारलं, हे आलं कुठून. तो म्हणाला, “घोटीकडून आलं. भाताची गिरणी हे त्यांची. पोराचं लगीन काढलंय, घरात भिंतीतलं फर्निचर केलं. म्हणले, घेऊन जा, अडगळ झाली.” आता पुंजाभाऊ, घोटीत भाताच्या गिरण्या काय कमी आहेत? त्यामुळे तो माणूस कोण ते मला मुळीच कळलेलं नाही. तुमची व्यापारात ऊठबस, कोणी ओळखीचा निघाला तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, बाबा रे, अडगळ झाली तर झाली, पण निदान रंग तरी दोन हात द्यायचा. टेम्पोत कपाटाशेजारी बसून घरी येताना मी त्या माणसाला मनातल्या मनात आणखीही बरंच बोललो. ते लिहीत नाही, पत्र वहिनीही वाचतील. बारकूला काय मोजले तेही लिहीत नाही, नाहीतर त्या गिरणीवाल्याला हळहळ वाटेल. (योगायोग बघा, राकेशचंही लग्न ठरल्याचं कानावर आलं. आनंद झाला. पत्रिका अजून मिळाली नाही, हल्ली पोस्टाचं काही खरं नाही. मी आपली बॅग काढून ठेवली आहे. त्यात पांढरा सदरा इस्त्री करून घातलाय, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.)

कपाट वर चढवलं, गंजाच्या चार डागांवर चार पाय बरोबर बसले. दाराला नाडी बांधली. ठकूबाई आली. पोट जमिनीला लागायचंच बाकी आहे. तिने बाहेरून वास घेतला, आत शिरली, गोल फिरली, पत्रा पंजाने खरवडला आणि बाहेर आली. मी माझी लुंगी अंथरली. पुन्हा आत, पुन्हा वास, पुन्हा बाहेर. टॉवेल झाला, बनियन झालं, तेजलने पाठवलेली भारीतली चादर झाली. दिवसातून कितीदा जाते आणि बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसते. गॅलरीच्या कठड्यावर फौजदार आहेच. मला नक्की माहीत आहे तिला काय पाहिजे. ते जांभळं पातळ. बायडाआत्यांनी गाठोडी बांधली तेव्हा ते कोणी धरलं नाही, कारण ते मांजराचं, त्याला कपडा कोण म्हणणार. ते खालच्या कप्प्यात तसंच राहिलं आणि कपाटाबरोबर घोटीला गेलं. कपाट परत आलं तेव्हा कप्पा रिकामा होता.

बाकी इकडे थंडी पडायला लागली आहे. तुमच्याकडे भाताची कापणी उरकली असेल. मोठ्यांना नमस्कार, येणाऱ्या सूनबाईंना आशीर्वाद सांगा. उत्तर फोनवर दिलं तरी चालेल, माझा फोन चालू आहे.

आपला दाजी,
दत्तू

ता. क. त्या गिरणीवाल्याला एवढं विचारा की पातळ टाकून दिलं का. जांभळं, वर बारीक पांढरे ठिपके, काठाला एका जागी इस्त्रीने जळालेलं. गिरणीत मशीन पुसायला घेतलं असेल तरी चालेल. ग्रीस लागलं असेल, फाटलं असेल, अर्धंच उरलं असेल, तरी चालेल.

ता. क. दुसरी. पुंजाभाऊ, तो माणूस कोण ते मला माहीत आहे. बारकूने सांगितलं, टेम्पोच्या मागे ‘अक्काचा आशीर्वाद’ असं लिहिलेलं होतं. तो टेम्पो घेतलात तेव्हा तिनेच नारळ फोडला होता. मला फार राग आला होता, हे पत्र लिहायला बसलो तेव्हाही होता. आता तेवढा नाही. सून यायची म्हणजे घरात जागा लागते. कपाटाचं काही मनात ठेवू नका, लग्नात कोणापाशी बोलणार नाही. पातळ तेवढं शोधा.

ता. क. तिसरी. पत्र पाकिटात घालायचं राहिलं आणि आज सकाळी ठकूबाई व्याली. कपाटात नाही, लग्नाच्या बॅगेत, त्या पांढऱ्या सदऱ्यावर. एक पिल्लू गार निघालं, ते कढीपत्त्याखाली पुरलं. बाकीची तीन पितायत. सदरा कामातून गेला, त्यामुळे पत्रिका आली तरी मला येता येणार नाही. शिवाय फौजदार आहे, घर सोडवत नाही. पायल म्हणते, काका, आता त्या पातळाची गरज नाही, ती बॅगेतच रमली. बरोबर आहे तिचं.

तरी पातळ पाठवा. धुतलं नसेल तर धुऊ नका.